मोरपंखी कॅमारो आणि डावा गुडघा

मोटारींविरुद्धचं पहिलं पत्रक मी लिहिलं तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. चिपळूणच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत छपाईचं यंत्र होतं. आई मजकूर लिहायची, बाबा छापायचे आणि मी घड्या घालायची. ‘रस्ता सगळ्यांचा, मग गाडी एकट्याची का?’ असं त्या पत्रकाचं शीर्षक होतं. ते मी आजही मागे घेत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी एका अमेरिकन मोटारीचं मनापासून कौतुक करणार आहे आणि ज्यांनी माझी पत्रकं वाचली आहेत त्यांनी तोंडात बोट घालू नये.

बोलावणं नसीममावशीचं होतं. ती आईची शाळेतली मैत्रीण, खेडजवळच्या खाडीकाठच्या गावची. लग्न होऊन शारजाला गेली आणि तिथे ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवायला लागली. आजही शिकवते. फोनवर तिने माझी खुशाली विचारली नाही.

“गियरची गाडी येते ना तुला?”

“येते. बाबांच्या जुन्या जीपवर शिकले.”

“आंतरराष्ट्रीय परवाना काढ आणि ये. माझा गुडघा गेलाय.”

गुडघ्याचा आणि परवान्याचा संबंध तिथे पोचल्यावर कळला. मावशीकडे नव्व्याण्णव सालची एक कॅमारो आहे, सहा गियरची. तिचा क्लच एवढा जड की आपल्याकडच्या एसटीच्या ड्रायव्हरलाच तो आपला वाटावा. डॉक्टरांनी मावशीला सांगितलं होतं, डाव्या पायाने क्लच दाबणं आता बंद. दुसऱ्या कुणी चालवावी म्हटलं तर तिकडे परवान्यावरच लिहिलेलं असतं, ऑटोमॅटिक की मॅन्युअल. ऑटोमॅटिकवाल्याने गियरच्या गाडीला हात लावायचा नाही. आणि मावशीच्या ओळखीत, तिच्या लेकीसकट, सगळे ऑटोमॅटिकवाले.

लेक सना अबुधाबीला एका हॉस्पिटलात काम करते. तिने तोडगा काढला होता. गाडीतला गियरबॉक्स काढून ऑटोमॅटिक बसवायचा. डोंगरापलीकडच्या किनाऱ्यावर खोर फक्कान आहे, तिथल्या सालेम नावाच्या मेकॅनिककडे तसा एक बॉक्स आलेला होता. शुक्रवारी गाडी त्याच्या गॅरेजवर न्यायची. मावशी हो म्हणाली तर गाडी तिथेच ठेवायची, नाही म्हणाली तर परत आणायची.

“आणि तुझं काय ठरलंय?” मी विचारलं.

“ठरलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं, बाय?”

अल मजाज

खालिद लगूनच्या काठावरच्या एका उंच इमारतीत मावशी राहते. जिन्यात सगळ्या भारताच्या फोडण्यांचे वास एकमेकांत मिसळलेले. सकाळी ती मला तळघरातल्या पार्किंगमध्ये घेऊन गेली. पांढऱ्या, करड्या, पुन्हा पांढऱ्या अशा फुगलेल्या गाड्यांच्या रांगेत एकच गाडी जमिनीला चिकटून बसली होती. रंग मोरपंखी. नाक लांब आणि उतरतं. पुढची काच इतकी तिरकी की अर्धं इंजिन तिच्या खालीच दडलेलं. दार उघडलं तर ते संपेचना. आमच्या घराचं पुढचं दारही एवढं लांब नसेल.

आत बसणं म्हणजे खाली उतरणं. पाय सरळ पुढे, ढुंगण रस्त्यापासून वीतभर. किल्ली फिरवली तेव्हा आधी आवाज आला नाही, आधी गाडी एका बाजूला जराशी हलली, झोपलेलं जनावर कूस बदलतं तशी. मग आवाज. तो कानाला नाही, बरगड्यांना ऐकू येतो. मी पुष्कळ मोर्च्यांत ढोल ऐकलेत. ढोल जवळ आल्यावर घोषणा देणारा माणूस क्षणभर गप्प होतो, तशी मी गप्प झाले.

“काय गो, पत्रक विसरलीस?” मावशीने विचारलं.

लगूनभोवती एक फेरी मारून हात बसवायचा असं ठरलं. तिथे स्टिअरिंग डावीकडे, म्हणजे गियर उजव्या हाताला. माझा डावा हात सवयीने गियर शोधायला गेला आणि दारावर आपटला. दोनदा आपटल्यावर मावशी म्हणाली, “दार आधीच लावलंय. तू गाडी चालव.”

खरा घोळ पुढे झाला. मी पहिल्या गियरमध्ये गाडी हळूच उचलली, हळूच दुसरा टाकायला दांडा मागे ओढला, तर तो दुसऱ्यात जाईना. समोर ‘एक ते चार’ असा एक चिमुकला दिवा लागला आणि दांडा आपोआप सरकून चौथ्यात गेला. गाडी कण्हली आणि दोन उसासे टाकून चौकात बंद पडली. मागून हॉर्न. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थाने काच खाली करून “यल्ला, सिस्टर, यल्ला” म्हणत पुढे चला अशी खूण केली.

“बिघडली का?” मी घाबरून विचारलं.

“बिघडली नाही. तुला ओळखलं तिने.” मावशी अगदी निवांत होती. “पाय हलका असला की ती पहिल्यातून सरळ चौथ्यात ढकलते. कारखान्यातनंच तसं बसवलंय, पेट्रोल वाचावं म्हणून. पुष्कळ लोक एक छोटा पार्ट लावून ते बंद करतात. मी नाही केलं.”

“का?”

“बंद पडली की कळतं, पाय घाबरला होता. शाळेत हे सांगायला मला बायकांच्या तोंडाकडे बघावं लागतं. ही स्वतः सांगते.” मग तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली. “जोर दे. ठाम दे. मग ती दुसऱ्यात जाऊ देते.”

मी ऐकत होते आणि मला हसू फुटत होतं. ज्या गाडीला मी आयुष्यभर उधळपट्टीची राणी म्हणत आले, तिच्या पोटात कुणीतरी पेट्रोलबचतीचं पत्रक शिवून ठेवलं होतं. आणि ते वाचूनही तिचा आवाज जरासुद्धा खाली आला नव्हता. माझ्या ओळखीच्या काही कार्यकर्त्यांची मला आठवण झाली. नावं घेत नाही.

घाटाकडे

शुक्रवारी सकाळी निघालो. शहर सुटायच्या आधी एका कॅफेटेरियापाशी मावशीने गाडी थांबवायला लावली आणि म्हणाली, “हॉर्न दे.” तिकडे चहा असाच मागवतात. गाडीतून उतरायचं नाही. हॉर्न ऐकून आतला माणूस धावत येतो, काच खाली करून त्याला ऑर्डर सांगायची.

मी हॉर्न दिला नाही. माणसाला भोंगा वाजवून बोलवायचं हे माझ्याने होणार नाही असं मी स्पष्ट सांगितलं, उतरले आणि आत गेले. आत काउंटरमागचा मल्याळी गृहस्थ वैतागला.

“मॅडम, बाहर बैठो ना. इधर जगह किधर है?”

खरंच नव्हती. माझ्यामुळे त्याला भट्टीपाशी वळता येत नव्हतं. पाच मिनिटांनी तो दोन कडक चहा आणि चीजचा गुंडाळलेला पराठा घेऊन बाहेर आला तेव्हा त्याने ट्रे गाडीच्या टपावर ठेवला नाही. कौतुकाने एकदा टपाकडे पाहिलं आणि ट्रे हातातच धरून उभा राहिला. “पुराना है ना? आवाज से मालूम पडा. उधर अंदर तक ग्लास हिल गया.” गाडीभोवती एक चक्कर मारून तो परत गेला. मावशी म्हणाली, “तुझ्या तत्त्वाने त्याचा ओटा अडला, माझ्या गाडीने त्याची सकाळ बरी गेली. लिही हे.” लिहिलं.

शारजाचा सपाट पिवळा पट्टा मागे पडला की वाळू लाल होते आणि तिच्यात अधूनमधून गाफची झाडं दिसतात. मग अचानक डोंगर. आपला सह्याद्री हिरवा नसताना उन्हाळ्यात जसा दिसतो त्याहूनही हे डोंगर उघडे. गवताचं एक पातं नाही, नुसता करडा-तपकिरी खडक, जणू आताच फोडून ठेवलेला. असा रस्ता आणि असे बोगदे करायला किती माणसं लागली असतील, ती कुठून आली असतील, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. एका मजुरांच्या बसला आम्ही ओलांडलं. खिडकीतल्या एकाने गाडीकडे पाहून अंगठा वर केला. मीही केला. त्याच्याकडून दाद घेताना मला लाज वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही खरं आहे.

मावशीने छतावरच्या काचेच्या दोन्ही फळ्या काढून मागे ठेवायला लावल्या होत्या. सहाव्या गियरमध्ये इंजिन जेमतेम गुणगुणत होतं. नियमातल्या वेगाने चाललेली एवढी ताकदवान गाडी किती शांत असते, हे मला माहीत नव्हतं. आजकालच्या गाड्या आतून दिवाणखाना असतात. रस्ता बाहेर चाललेला असतो. हिच्यात रस्ता हातात येतो. डांबराचा पोत बदलला की स्टिअरिंग सांगतं, वारा वळला की नाक सांगतं. ती काहीच लपवत नाही, स्वतःचे दोषही लपवत नाही. मागची सीट माणसासाठी नाही, ओझ्यासाठी आहे. शेजारच्या माणसाच्या पायाखाली जमिनीतून एक टेंगूळ वर आलंय, कारण तिथून धुराड्याची नळी जाते. “ज्याला चालवायची नाही त्याने बसूही नये, असं त्यांचं म्हणणं असेल,” मावशी म्हणाली.

बोगदा आला. मावशी माझ्याकडे न बघता म्हणाली, “चौथ्यात घे. वेग वाढवू नकोस, फक्त चौथ्यात घे.”

घेतला. इंजिनाचा आवाज भिंतींवर आदळून छताच्या उघड्या भोकांतून परत आमच्यावर पडला. ते सुंदर होतं. याला दुसरा शब्द शोधत बसणं अप्रामाणिकपणाचं होईल. मावशीने डोळे मिटले होते. तिची डावी टाच टेंगळाशेजारी माझ्या क्लचबरोबर हलली आणि लगेच तिने ओठ चावला. गुडघा.

बोगद्यापलीकडे उतार लागला आणि मी माझ्या घराण्याला शोभेल अशी चूक केली. उतार दिसला की बाबा गाडी न्यूट्रलवर सोडतात. पेट्रोल वाचतं, देशाचं परकीय चलन वाचतं, असं ऐकतच मी मोठी झाले. दांडा मधे आणला. गाडी सुटली. पुढे वळण होतं, वजन सगळं नाकावर, आणि मला कळायच्या आत वेग वाढत गेला.

मावशी ओरडली नाही. तिचा उजवा पाय टेंगळावर धाडकन आदळला. शाळेच्या गाडीत शिक्षकाच्या बाजूला वेगळा ब्रेक असतो. वर्षानुवर्षं तो पाय तिथेच जातो. इथे ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. पण त्या दणक्याने माझा पाय बरोबर ब्रेकवर गेला.

“पाचवा टाक,” ती शांतपणे म्हणाली. “आता चौथा. इंजिनाला पकडू दे.” गाडी आवरली. वळण पार पडल्यावर तिने विचारलं, “हे कुणी शिकवलं?”

“बाबांनी. पेट्रोल वाचतं.”

“गियरमध्ये उतरलीस तर ही पेट्रोल मागतच नाही. न्यूट्रलमध्ये उगाच पीत बसते. तुझ्या बाबांना म्हणावं, नवीन पत्रक काढा.”

खोर फक्कान

डोंगर संपतात तिथे एकदम समुद्र. एका बाजूला बंदराच्या क्रेन आणि रंगीत कंटेनरांचे ढीग, दुसऱ्या बाजूला अर्धचंद्रासारखा किनारा. दाभोळहून गुहागरकडे जाताना समुद्र असाच अवचित समोर येतो, फक्त इथे माडांऐवजी खजूर आणि मच्छीबाजारही वातानुकूलित. सुरमईला तिथे किंगफिश म्हणतात. मावशीने एका माशाचे कल्ले उचलून पाहिले आणि विक्रेत्याला “हबीबी, ये कल का है” असं इतक्या प्रेमाने सांगितलं की त्याने हसत दुसरा काढून दिला. शेजारच्या खानावळीत तो भाजून घेतला. भात, लिंबू, वर तिखट हिरवी चटणी. मावशीने पर्समधून कोकमाची सोलं काढून पाण्यात टाकली, आणि आम्ही दोघी काही वेळ कुठल्या देशात आहोत ते विसरलो.

सालेमचं गॅरेज किनाऱ्यापासून आत होतं. पन्नाशीचा, पांढऱ्या कंदुऱ्याच्या, म्हणजे तिकडच्या पायघोळ झग्याच्या, बाह्या कोपरापर्यंत वर केलेला माणूस. अंगणात त्याच पिढीतल्या आणखी दोन अमेरिकन गाड्या होत्या, एक काळी, एक पिवळी. दोघींची तोंडं उघडी. त्याने कॅमारोच्या बॉनेटवर तळवा ठेवला, लहान पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

“उम्म सना,” तो मावशीला लेकीच्या नावाने हाक मारतो, “बॉक्स रेडी है. आप बोलो, मैं आज खोलता.”

तो बॉक्स कोपऱ्यात कापडाखाली होता. मावशीने जाऊन कापड उचललं, पाहिलं, परत झाकलं.

मला राहवलं नाही. मी म्हणाले, “मावशी, नको करूस. ती आहे तशी आहे म्हणून ती आहे. गियर काढलास तर नुसतं कवच राहील. अशा बाबतीत तडजोड म्हणजे…”

“तू उद्या-परवा चिपळूणला जाशील,” ती मधेच म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मग ही तळघरात उभी राहील. उभी गाडी मरते, क्रांती. टायर चपटे होतात, तेल बसतं, रबर फाटतं. चालणारी ऑटोमॅटिक बरी की उभी राहून मेलेली खरी? सांग.”

मी कोपऱ्यातल्या झाकलेल्या बॉक्सकडे पाहिलं.

“तत्त्व तुझं आहे,” ती म्हणाली, “गुडघा माझा आहे.”

पुष्कळ सभांमध्ये मला खाली बसवायचा प्रयत्न झालाय. इतक्या थोडक्यात कुणाला जमलं नव्हतं.

सालेमने आमच्यासमोर गाव्याचा, म्हणजे त्यांच्या फिक्या वेलचीच्या कॉफीचा, छोटा पेला ठेवला. “घुटना खलास तो गाडी भी खलास,” तो हळूच म्हणाला. “लेकिन जल्दी नहीं. बॉक्स मैं रखता.”

“लेकीला एकदा विचारून बघते,” मावशी म्हणाली. “मग खलास. जे होईल ते होईल, इन्शाल्ला.”

गाडी परत आणली. येताना छताच्या काचा बसवलेल्या होत्या. उतारावर मी गियरमध्येच उतरले.

अबुधाबी

दुसऱ्या दिवशी सनाकडे गेलो. रुंद रस्ते, खारफुटीचा हिरवा पट्टा, काचेच्या इमारती. सना माझ्याहून थोडी मोठी. मराठी पूर्ण कळतं, उत्तर इंग्रजीत. तिने आईचा पाय स्टुलावर ठेवून त्यावर बर्फ लावला आणि सरळ विषयाला हात घातला.

“सो, इज इट डन?”

“नाही. तुला विचारायला आले.”

“अम्मी, आय टोल्ड यू. ऑटोमॅटिक कर, नाहीतर विकून टाक.”

“तुला ती गाडी आवडतच नाही,” मावशी म्हणाली.

सनाने बर्फाची पिशवी खाली ठेवली आणि प्रथमच मराठीत बोलली. “तू अर्ध्या शारजाच्या बायकांना क्लच शिकवलास. मला ऑटोमॅटिकला टाकलंस. सना पटकन पास होईल, म्हणालीस. मला कधी विचारलंस?”

“तूच म्हणालीस, लवकर हवाय परवाना.”

“मी अठरा वर्षांची होते, अम्मी.”

मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. मी स्वयंपाकघरात चहा बघायला गेले, कारण तिथे थांबणं बरं नव्हतं. चहा उतू जाऊ दिला.

संध्याकाळी सना म्हणाली, “शो मी.” मावशी घरीच राहिली. मी सनाला घेऊन समुद्रकाठच्या रस्त्याला गेले. पहिल्याच सिग्नलला मुद्दाम पाय हलका ठेवला. दिवा लागला. दांडा चौथ्यात गेला, गाडी हुंदके देत पुढे सरकली.

“व्हॉट्स दॅट?”

मी सांगितलं. पाय घाबरला की तिला कळतं, हे मावशीचं वाक्यही सांगितलं.

“अँड शी नेव्हर रिमूव्ह्ड इट?”

“नाही.”

“टिपिकल,” सना म्हणाली. जराशाने तिने हात पुढे करून दांड्याच्या मुठीवर ठेवला, माझ्या हातावर नाही, त्याच्या बाजूला. पुढच्या सिग्नलला मी ठाम पाय दिला. दांडा दुसऱ्यात गेला, मग तिसऱ्यात. गाडी एका श्वासात पुढे गेली आणि मी लगेच तिला आवरली. सनाने काच खाली करून आवाज आत येऊ दिला.

मी परत आले त्याला आता बरेच महिने झाले. खासगी मोटारींविरुद्ध माझं म्हणणं बदललेलं नाही. आमच्या एसटीच्या फेऱ्या वाढाव्यात म्हणून परवाच एक पत्रक काढलं. पण माणसाने केलेल्या वस्तूत माणूस किती दिसतो, हे त्या मोरपंखी गाडीने मला दाखवलं. आणि ती जपायची ती कुणासाठी, हे मावशीने.

गेल्या आठवड्यात मावशीचा एक आवाजी निरोप आला. नमस्कार नाही, खुशाली नाही. आधी तो आवाज, बरगड्यांना ऐकू येणारा. मग इंजिन कण्हलं आणि बंद पडलं. मागून कुणाचा तरी हॉर्न. मग सना: “इट वेंट टू फोर अगेन.” आणि टेंगळावर पाय आदळल्याचा, पत्र्याचा, धप्प असा दणका.

“गियरचा परवाना मिळाला म्हणजे झालं नाही, बाय,” मावशी सांगत होती, माझ्याशी नाही, लेकीशी. “घाबरू नकोस. चालू कर. आता ठाम दे.”